बाभळीतली बानूबाई

सणसरच्या गेणू तात्यानं पन्नास वर्षं लाकूड कातलं. पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय, लाटणी, भवरे. लाकडात गाठ दिसली, चीर दिसली, की ते सरळ चुलीत. (माणसांच्या बाबतीतही त्याचं हेच धोरण, म्हणून त्याच्या ओट्यावर कुणी बसत नसे.) अशा माणसाला त्याच्या सुनेनं फुलदाणी करायला सांगितली. सुकन्या बारामतीत घरसजावटीच्या एका दुकानात कामाला होती.

"तात्या, साल तशीच ठेवायची. भोक असलं तर भोक ठेवायचं. गाठ, चीर, डाग, सगळं."

"किडकं द्यायचं?"

"नैसर्गिक म्हणतात त्याला."

"पानी गळंल की त्यातनं."

"पाणी घालायचंच नाही. वाळकी फुलं ठेवायची."

तात्यानं मनात हिशोब केला. वाळक्या फुलांना भोकाची फुलदाणी, आणि ती घ्यायला माणसं तयार. पण दोन वर्षांत त्याचं लाकूड कातायचं मशीन फिरलं नव्हतं. लोखंडी पलंग आल्यापासून त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं. तो मिशीतल्या मिशीत पुटपुटला आणि उठला. ती मिशी दाट, पार हनुवटीवर उतरलेली. तिच्याआड तोंड आहे हे तो बोलला तरच कळायचं, आणि तो बोलायचा फक्त भांडायला. त्या तोंडात नुकतीच इंदापूरच्या दातांच्या शिबिरातली कवळी बसली होती. डॉक्टरनं ती घासून घ्यायला परत या म्हणून दोनदा बजावलं होतं. तात्या गेला नाही. आपल्या तोंडात काय बसतं ते आपल्याला कळतं, असं त्याचं म्हणणं.

लाकूड घरचंच होतं. कालव्याच्या चारीच्या कामात जेसीबीनं परड्यातली जुनी बाभळ पाडली, तिचा ओंडका पडून होता. तात्यानं तो कापला तर आत बोटाएवढा खिळा निघाला. लोखंडानं आजूबाजूचं लाकूड काळं पडलं होतं, अगदी डोळ्यासारखं. त्यानं पक्कड लावली. खिळा कुईं करत, रडत बाहेर आला. चांगला खिळा टाकायचा कशाला, म्हणून तात्यानं तो कारखान्याच्या (म्हणजे पत्र्याच्या खोपीच्या) दारावर ठोकला आणि त्याला टोपी अडकवली.

मग मशीन सुरू झालं. बाभळीचा भुसा तांबडा उडतो, रक्ताळल्यासारखा. तात्या पटाशी धरून उभा होता, आणि त्याला सारखं वाटत होतं की कुणीतरी बघतंय. तो मागं वळला, कुणी नव्हतं. मशीन बंद केलं की लाकडाचं फिरणं मंद होत जायचं, तो काळा डोळा हळूहळू दिसायला लागायचा, आणि दर वेळी बरोबर तात्याच्या तोंडासमोर येऊन थांबायचा. चार वेळा बंद केलं, चार वेळा तेच. पाचव्यांदा त्यानं मशीन बंद करून आधी तोंड फिरवलं.

फुलदाणी झाली. घरातल्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तात्या बाजेवर डुलक्या घेत होता, त्याची बायको धोंडाबाई मेथी निवडत होती. बाहेर ऊन थिजलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं.

कट्.

धोंडाबाईचा हात थांबला.

कट्... कट्.

"अवं, उठा," ती अगदी हळू म्हणाली. "आत्याबाई आल्या."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, तात्याची आई, बानूबाई. जाऊन वीस वर्षं झालेली. हयातीत ती दिवसभर त्या बाभळीखाली अडकित्ता घेऊन बसायची. सुपारीचं एक खांड आणि सुनेची एक चूक, कट्, कट्, अशी तीस वर्षं.

"अवं, बाभळीत खिळा हुता, त्यो कुठं हाय?"

"तुला काय ठावं खिळ्याचं?"

धोंडाबाईनं वीस वर्षं पोटात ठेवलेलं तेव्हा सांगितलं. सासू गेल्यावर तिच्या कानात अडकित्ता वाजायचा, अन्न जाईना, अंगात ताप. शेवटी तिनं नवऱ्याच्या चोरून कळंबच्या बिरदेव देवऋष्याला आणलं. त्यानं म्हातारीला बाभळीत घातलं आणि वर खिळा ठोकला. त्या दिवसापासून सगळं गप.

"खिळा कुठं हाय?"

"टोपी अडकवलीय त्याला."

धोंडाबाईनं उठून पिशवी काढली. दोन लुगडी भरली.

"आई सोडली आनि टोपी अडकवली," ती म्हणाली. "उद्या बारापतूर त्यास्नी परत बसवा. न्हायतर मी चालले वडगाव निंबाळकरला भनीकडं, कायमची. तीस वर्सं सोसलं. आता दुसऱ्यांदा न्हाय."

"भूतबीत काय नसतंय," तात्या म्हणाला.

कट्.

हे फळीवरून आलं नाही. अगदी त्याच्या कानाशी वाजलं. बायको गेली तर त्याला साधा चहा करता येत नव्हता, हे खरं. पण त्या रिकाम्या घरात आपण, ती फुलदाणी आणि तो आवाज, हे चित्र बिनचहाच्या सकाळपेक्षा वाईट होतं. तो लगेच निघाला.

कळंबच्या वडाप जीपमध्ये तो चेपून बसला. सणसर मागं पडलं. कट्. त्यानं मागं बघितलं. कट्, कट्. शेजारच्या बाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि मांडीवरचं पोर उचलून पलीकडं घेतलं. घरात फुलदाणी, आणि आवाज हितं.

बिरदेवनं देवऋषीपण सोडून सौर पंपांची एजन्सी घेतली होती. तात्यानं सगळं सांगितलं. सांगून होतंय तोच पुन्हा वाजलं. बिरदेव तात्याच्या खांद्यावरून मागं बघत राहिला.

"म्हातारी फुलदानीत न्हाय, तात्या. तुमच्या पाठीवर हाय."

"मग?"

"त्योच खिळा, त्याच भोकात, बाराच्या ठोक्याला. आनि हितं पुन्हा येऊ नगा. आमचा वॉरंटीचा धंदा हाय."

दुसऱ्या दिवशी सुकन्याला सुट्टी होती. फुलदाणीत खिळा ठोकणार हे ऐकून ती आडवी आली. "तात्या, ऑर्डरची आहे ती."

"सरक," धोंडाबाई म्हणाली. पिशवी तिच्या काखेत होती.

तात्यानं दारावरचा खिळा उपसून आणला. खिळा ओठात धरायचा आणि दोन्ही हातांनी काम नीट बसवायचं, ही त्याची पन्नास वर्षांची सवय. कवळी आड यायला लागली, म्हणून त्यानं ती काढून खिशात टाकली. मग बाराच्या ठोक्याला, त्या काळ्या डोळ्याकडं न बघता, खिळा भोकावर धरला आणि हातोडी उचलली.

तीन घाव. तिसऱ्याला फुलदाणीला वरपासून बुडापर्यंत चीर गेली.

मग काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धोंडाबाईनं फुलदाणीला कुंकू लावलं, पिशवी रिकामी केली, चहा ठेवला. तात्यानं हातोडी खाली ठेवली. "आये, बस आता गप," तो बोळक्या तोंडानं म्हणाला, आणि त्याला खरंच वाटलं की ती बसली.

चहाबरोबर टोस्ट आला. तात्यानं खिशातून कवळी काढून तोंडात घातली.

कट्.

धोंडाबाईच्या हातातली बशी निसटली. तात्या पांढरा पडला. कट्, कट्, कट्.

धोंडाबाई जवळ आली. तिनं दोन बोटांनी पडदा उचलावा तशी तात्याची मिशी वर उचलली आणि आत बघत उभी राहिली.

"झोपलं की वाजतंय," ती म्हणाली. "भ्यालं की वाजतंय. चिडलं की वाजतंय. म्हंजी दिसभर."

सुकन्या तोंडाला पदर लावून फुलदाणी फिरवून बघत होती. "आई, चीर झकास आलीय. खिळ्यासकट देऊ. असा दोष शोधून सापडत नाही."

"लाकडातला दोष ठेवला तर बारामतीची मानसं कवतिक करत्यात," धोंडाबाई बशीचे तुकडे गोळा करत म्हणाली. "मी पन्नास वर्सं एक घरात ठेवलाय. बघायला कुनी आलं न्हाय."

तात्यानं तिला खडसावायला तोंड उघडलं.

कट्. बाहेर एवढंच आलं.