बिनआवाजी डबा

आमच्या शेजारचे सुर्वेकाका प्रेशर कुकरला दटावतात. खोटं नाही सांगत. कुकरनं शिट्टीच्या आधीची फुसफुस सुरू केली की हातातलं काम टाकून ते स्वयंपाकघराच्या दारात येतात, ओठांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "श्शू!" कुकर ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी. पण दरवेळी काकांचा चेहरा असा पडतो, की जणू काल त्यानं शब्द दिला होता.

कुकरच कशाला, त्यांनी कुणालाच सोडलेलं नाही. भाजीवाला, गॅलरीतली कबुतरं, गणपतीतला ढोलवाला, सगळ्यांना श्शू करून झालंय. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनना केलं. चेअरमन खरोखर गप्प बसले आणि आमच्या बिल्डिंगच्या इतिहासात पहिल्यांदाच मीटिंग वेळेत संपली. त्या दिवसापासून बायका काकांना फार मानतात.

काकांच्या शब्दकोशात कौतुकाचा एकच शब्द आहे, 'बिनआवाजी'. नवी स्कूटर दाखवायला नेली तर किक मारून म्हणतात, "ठीक आहे, पण बिनआवाजी नाही." आमच्या यांना चहा पिताना पाहून एकदा मला म्हणाले, "बाई, नवरा बिनआवाजी मिळाला हो तुम्हाला." मी शाळेत गणित शिकवते म्हणून मला 'बाई' म्हणतात. आणि आमच्या यांना मिळालेलं हे आयुष्यातलं एकमेव प्रमाणपत्र, ते अजून त्याच्यावर जगतात.

सुर्वेकाका अंबरनाथच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. रिटायर झाल्यावर बदलापूरला कात्रपमध्ये ब्लॉक घेतला, आमच्या भिंतीला भिंत लागून. घरात ते आणि काकू. काकूंना आवाज नाही. गळ्यात गाठ झाली, ऑपरेशन झालं, गाठीबरोबर आवाजही गेला. हे आमची ओळख होण्याच्या आधीचं, त्यामुळे काकूंचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही. पण म्हणून त्या गप्प असतात असं कुणी समजू नये! ओट्यावर पळीनं एकदा टक् म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि कढईवर झारा आपटला की 'आता पुरे करा'. भिंतीपलीकडून मला झाराच जास्त ऐकू यायचा.

आता कॅसेटींचं सांगते. काका पूर्वी विठ्ठलवाडीला चाळीत राहायचे. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरायची, हा त्यांचा नाद. वायर जोडायची सोय नव्हती, त्यामुळे रेडिओबरोबर खोलीतला प्रत्येक आवाज टेपवर जायचा. मग नियम झाला. दाराला लाल पंचा लटकला की अख्ख्या चाळीनं चवड्यांवर चालायचं. मध्येच कुणी खोकलं, भांडं पडलं, की टेप मागे घ्यायची आणि ते सगळं पुसून टाकायचं.

"आणि हिचा आवाज काय सांगू तुम्हाला," काका म्हणायचे. "ही हाक मारायची मला, आणि डेपोतनं सुटलेल्या बसचा कंडक्टर घंटी मारून बस थांबवायचा. अशा बाईला गप्प बसवायचं म्हणजे खायचं काम नव्हतं."

पण बसवलं. काका दुसऱ्या पाळीला असले की त्यांच्यासाठी गाणी काकूच भरायच्या. श्वास रोखून, बांगड्या मागे सारून. काका घरी येऊन ऐकायचे. शेवटचं गाणं संपलं की खट्कन बटण बंद, कॅसेट डबीत.

त्या सगळ्या कॅसेटी लोखंडी पलंगाखालच्या खोक्यांत होत्या आणि आमच्या इथल्या दमट हवेनं त्यांना बुरशी धरली होती. काकांनी एक उघडून दाखवली, टेपवर पांढरी लव आली होती. "एकदा वाजेल, बाई," ते म्हणाले. "फार तर एकदा. पुढच्या पावसाळ्यानंतर तेवढंसुद्धा नाही." 

मी म्हटलं, कॉम्प्युटर घ्या, त्यात भरा. तर म्हणे, "त्याला पंखा असतो. घुंईऽऽ करत बसतो मेला." शिवाय तेव्हा आमच्याकडे भारनियमनाचा कहर होता, भरदुपारी तासन्‌तास वीज नाही. मग काका सायबर कॅफेत जाऊन काय काय वाचून आले आणि मला साक्षीदार म्हणून उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात घेऊन गेले. जीन्सच्या ढिगाऱ्यांमागे एका सिंधी सेठचं जुन्या मशीनचं दुकान होतं. तिथे पोळ्यांच्या डब्याहून लहान असा एक करडा डबा होता. ऑफिसातल्या फायली नेटवर्कवर ठेवण्यासाठीचा.

"साईं, इसमें तो कुछ है ही नहीं," सेठ प्रामाणिकपणे म्हणाला. "न स्क्रीन, न बटन."

"पंखा है?" काका.

"नहीं."

"आवाज?"

"बिलकुल नहीं."

"पॅक करो."

त्या डब्याला काकांनी एक हार्ड डिस्क जोडली, टेपवरचा आवाज आत घ्यायला एक साउंड कार्ड जोडलं, एका बाजूला टेपरेकॉर्डर आणि दुसऱ्या बाजूला जुना स्पीकर. मूळ प्रोग्राम काढून दुसरा, फुकटचा घातला. जुना कीबोर्ड लावून एका बोटानं कमांडी बडवायचे आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. वीज गेली तर स्कूटरच्या बॅटरीवर डबा, टेपरेकॉर्डर, सगळं चालू. अख्खं कात्रप घामानं निथळत असायचं, पण त्या डब्यावरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे लुकलुकत असायचा.

खरं सांगू? त्या दुपारी मला फार आवडायच्या. सकाळची शाळा करून मी घरी यायची, पंखा बंद, फरशीवर चटई टाकून पडायची. भिंतीपलीकडून गाणं यायचं, जुनं, खरखरीचं, दूरच्या कुठल्या तरी गावाहून चालत आल्यासारखं. कधी झोप लागायची, कधी नुसतंच तरंगल्यासारखं व्हायचं. मी कुठे आहे, किती वाजलेत, पेपर तपासायचेत का, काही म्हणजे काही आठवायचं नाही. चाळ मी पाहिलेली नाही, पण त्या गुंगीत मला तो लाल पंचा वाऱ्यावर हलताना दिसायचा.

मात्र एक गोष्ट खटकायची. गाणी संपली, नुसती खरखर उरली, की काका स्पीकर अगदी बारीक करायचे आणि थोड्या वेळानं त्यांचा आवाज यायचा. "हो हो, जेवतो." किंवा, "नाही गं, नाही विसरत." काकू तर त्या वेळी पलीकडच्या खोलीत वामकुक्षी घेत असायच्या. मी यांना म्हटलं, "काका डब्याशी बोलायला लागलेत." हे म्हणाले, "डबा उलट बोलत नाही ना? मग बोलू दे." बिनआवाजी माणसाकडून दुसरं काय येणार, कप्पाळ माझं!

भरीत भर म्हणजे काकांची खरेदी. एके दिवशी ते कॅम्प तीनमधून रॉकेलच्या स्टोव्हची पिन घेऊन आले. घरी गॅस. पुढच्या आठवड्यात कंदिलाची काच. मग कपड्यांना घालायची निळीची पुडी. काकू या वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघायच्या आणि निमूट फळीवर ठेवायच्या. झारा आपटायच्या नाहीत, याचंच मला नवल वाटायचं. मी आपली मनात म्हणायची, बिचाऱ्यांचं वय झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि थंडीत दह्यानं घात केला.

झालं असं, की डबा सतत कोमट असायचा. बदलापूरच्या थंडीत विरजण लागत नाही. काकूंनी दूध विरजून गंज त्या डब्यावर ठेवला. सकाळी दही असं लागलं, की सुरीनं कापावं! वाटी आमच्याकडे आली, आम्ही बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज डब्यावर. असं आठवडाभर चाललं, आणि मग एका पहाटे गंज कलंडला. विरजण डब्याच्या जाळीतून आत गेलं आणि हिरवा दिवा विझला.

गंज पडल्याचा आवाज ऐकला आणि आता आरडाओरडा होईल म्हणून मी धावत गेले. पाहते तर काका हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून बसलेले. "ही वाचली," एवढंच म्हणाले. काकू भिंतीशी उभ्या राहून रडत होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, दही चांगलं लागलं होतं पण." माझ्याच डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सेठनं डबा उघडून बघितला, हुंगला आणि हात जोडले. "साईं, लोग चाय गिराते हैं, पानी गिराते हैं. दही आज तक किसीने नहीं जमाया." तसाच दुसरा डबा मिळायला उन्हाळा उजाडला. शेवटचं खोकं अजून तसंच होतं, आणि नेमकं त्याच्यातच बुरशी सगळ्यात जास्त. काका रोज आभाळाकडे बघायचे. नव्या डब्यासाठी सगळ्या कमांडी पुन्हा घालायच्या होत्या, म्हणून मी शेजारी बसून कागदावरची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवायची.

तेव्हा मी सहज म्हटलं, "काका, प्रत्येक कॅसेटच्या शेवटी केवढी खरखर आहे. कॉम्प्युटरवर कापून टाकू? गाणी स्वच्छ होतील."

"हात लावायचा नाही!" काका ओरडले. आयुष्यभर दुसऱ्यांना श्शू करणारा माणूस इतका ओरडला, की गॅलरीतली कबुतरं उडाली. मला राग आला. म्हटलं, बसा तुमची खरखर घेऊन, आणि तडक घरी निघून आले.

पण राग किती दिवस धरणार? भिंतीला भिंत. मे महिन्याच्या अखेरीला एका दुपारी कैऱ्या द्यायला गेले. वीज गेलेली, पंखे बंद, वारा नाही. काकूंनी कुकर लावला होता. टेपरेकॉर्डरमध्ये खोक्यातली शेवटची कॅसेट फिरत होती आणि काका तिच्यासमोर मांडी घालून बसले होते. गाणं अगदी गढूळ येत होतं, मध्येच बुडायचं, मध्येच वर यायचं. संपलं. नुसती खरखर उरली. आपली मदत म्हणून मी बटणाकडे हात नेला. काकांनी माझं मनगट धरलं.

तेवढ्यात आत कुकर फुसफुसला. काकांनी घाबरून बोट वर केलं, पण काकू त्यांच्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला, ओठांवर बोट ठेवलं आणि कुकरकडे डोळे वटारून पाहिलं. कुकर गप्प बसला.

खरखरीतून बांगड्या वाजल्या. मग एका बाईचा आवाज आला, खणखणीत, ठसकेबाज, घाईचा.

"हुश्श! संपली बाई एकदाची गाणी, श्वास कोंडला माझा. अहो, भात झाकून ठेवलाय. बांगडा तव्याखाली आहे, मांजरानं नेला तर मला बोल लावू नका. पिन आणायला परत विसरलात, स्टोव्ह नुसता भकभकतोय. आणि उद्या येताना लिंबं आणा. इथे बरं आहे बोलायला, कुणी श्शू म्हणत नाही."

खट्. कॅसेट थांबली.

मी काकूंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, एक हात गळ्यावर. हा आवाज त्यांचा. मी पहिल्यांदा ऐकत होते.

"गाणी संपल्यावर उरलेल्या टेपवर ही बोलून ठेवायची, बाई," काका म्हणाले. "आणि मी शेवटचं गाणं संपलं की लगेच बटण दाबायचो. टेप झिजेल म्हणून! इतक्या वर्षांत एकदाही पुढे ऐकलं नाही. या डब्याला गाण्यातलं काही कळत नाही, म्हणून बरं. कॅसेट थांबेस्तोवर टिपत बसतो. त्यानं ऐकवलं मला." त्यांनी डोळे पुसले. "गाणी काय, आता कुठेही मिळतात. पहिल्यांदा ते ऐकलं, तेव्हापासून मला हिचं बोलणंच पाहिजे होतं. जन्मभर श्शू म्हणालो हो. देवानं नेमकं तेवढंच ऐकलं."

दाराच्या चौकटीवर पळी वाजली. टक्, टक्. नाही.

 काका उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि पायांत चपला सरकवल्या.

"एवढ्या उन्हाचे कुठे निघालात?" मी विचारलं.

"लिंबं आणायला सांगितलंय ना तिनं."

ओट्यावर परडीभर लिंबं होती, सकाळीच आणलेली. मी सांगणार, तोच काकूंनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. परडी पदराखाली झाकली आणि काका जिना उतरायच्या आत पळी एकदाच वाजवली. टक्.