पयले त्यानं सोडावं!

जगातली सगळी अण्वस्त्रं नष्ट कशी करायची, हे मला विचारा. तोंडपाठ आहे! निवृत्त मुख्याध्यापक आणि बार्शीटाकळीच्या अण्वस्त्रविरोधी शांतता समितीचा संस्थापक अध्यक्ष म्हणून सांगतो, काम अगदी सोपं आहे. कुणीतरी एकानं आधी मन मोठं करायचं, बस्स!

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात आपण आणि शेजाऱ्यांनी पाठोपाठ अणुचाचण्या केल्या, आणि आम्ही समिती काढली. सभासद सात, त्यातले चार चहापुरते. आम्ही दोन्ही सरकारांना ठराव धाडले, अमेरिकेला साध्या टपालानं ताकीद दिली. उत्तर कुणाचंच आलं नाही. बहुतेक विचारात पडले असावेत.

सहा ऑगस्टला हिरोशिमा दिन होता. शाळेच्या मैदानावर पांढरी कबुतरं सोडायची, असं मी ठरवलं. आमच्या भागात कबुतरं पाळणारे दोघंच, कुर्बान आणि शेषराव. घरं समोरासमोर, शेतं धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. कापसानं लागोपाठ रडवलं तेव्हा दोघांनीही एकेक बैल विकला होता. उरलेला एक याचा, एक त्याचा, अशी जोडी जुंपून दोन्ही शेतांतलं तण डवऱ्यानं काढायचे. त्यांना शांतता शिकवायची काही एक गरज नव्हती. तरी मी गेलो!

"गुरुजी, दोनी थवे एकाच टायमाले सोडू नका," कुर्बान म्हणाला. "म्हणून तं मी सकाळी उडवतो अन् शेषराव दुपारून."

"का बरं?"

"थवे मिसळले की पाखरू चुकते," शेषराव म्हणाला. "अन् ज्याच्या छतावर पडलं, त्याचं. कबुतरवाल्यायचा कायदाच हाय तो."

"पक्ष्यांना सीमा नसतात, शेषराव!" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं, की भाषणातही दोनदा घातलं.

दोन्ही थवे एकदम सोडले. काय टाळ्या पडल्या! थवे आभाळात मिसळले, चार घिरट्या झाल्या आणि पाखरं आपापल्या घरी उतरली. फक्त कुर्बानची लाडकी नूरी शेषरावच्या छतावर पडली आणि शेषरावचा सरपंच नावाचा नर कुर्बानच्या छतावर. दोघांनी आपापला कैदी खुराड्यात कोंडला.

दुसऱ्या दिवशी शेषराव आपला बैल घरी घेऊन गेला. कुर्बाननंही आपला खुंट्याला बांधला. पावसानं उघडीप दिली होती, डवऱ्याचे हेच दिवस होते आणि डवरा धुऱ्यावर आडवा पडलेला!

मी मध्यस्थीला धावलो.

"मी देतो न नूरी," शेषराव म्हणाला. "पण पयले त्यानं सोडावं!"

"मले काय अडचण?" समोरून कुर्बान ओरडला. "पयले त्यानं सोडावं! तुमीच म्हणले न भाषणात, एकानं मन मोठं करावं? मंग त्याचं होऊ द्या मोठं!"

आमच्या एका सभासदानं लगेच सर्वधर्म सलोखा परिषद सुचवली. दोघांनी मिळून त्याला हाकललं. "कबुतरायचं भांडण हाय, त्यात धरम काहून घुसडून राहिले?"

शेवटी मी तह घडवला. दोन्ही पाखरं तटस्थ भूमीवर, म्हणजे माझ्या घरी, एका पिंजऱ्यात. रविवारी दोघांनी मिळून दार उघडायचं आणि मग बैल जुंपायचे. दोघंही कबूल झाले!

पण रविवारी अकोल्याच्या बातमीदाराला सवड नव्हती, म्हणून सोहळा पुढे ढकलला. मग बॅनरवर 'अण्वस्त्र' चुकलं. मग प्रमुख पाहुण्यांचं पोट बिघडलं. मी रोज पाखरांना हातानं ज्वारी चारत होतो आणि तिकडे दोन्ही शेतांत तण गुडघ्याला आलं होतं.

"अहो, लोकायचं वावर बुडून राहिलं, अन् तुमी बॅनर रंगवून राहिले!" आमच्या सौभाग्यवती माणिकबाई कडाडल्या.

"शांततेची एक प्रक्रिया असते," मी समजावलं.

बाराव्या दिवशी कुर्बान आणि शेषराव मला शिव्या द्यायला एकत्रच अंगणात आले. मी प्रक्रिया सांगायला तोंड उघडलं, तोवर माणिकबाईंनी पिंजरा उघडला! नूरी आणि सरपंच उडाले. कुर्बानच्या छतावरून गेले, शेषरावच्या छतावरून गेले आणि माझ्या टीव्हीच्या अँटेनावर येऊन एकमेकांना खेटून बसले. बारा दिवसांत त्यांचा संसार जुळला होता.

"गुरुजी, पाखरं द्या," दोघं म्हणाले.

मला काय झालं, देव जाणे! "ज्याच्या छतावर पडलं, त्याचं," मी म्हणालो. "कायदा तुमचाच आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेले. अर्ध्या तासात दोन्ही बैल एका डवऱ्याला जुंपलेले होते! समितीला जे जमलं नाही, ते माझ्यावरच्या रागानं करून दाखवलं. कपाशी वाचली. डवऱ्याच्या उद्घाटनाला मात्र मला कुणी बोलावलं नाही.

आता दोघंही रस्त्यात मला पाहून मान वळवतात. माणिकबाई तर अँटेनाकडे बोट दाखवून रोज सुनावतात. पण मी पाखरं केव्हाही परत करायला तयार आहे हो! मन मोठंच आहे माझं.

फक्त, पयले त्यांनी नमस्कार करावा.