बैसाणेकाकांचं मुकं कार्टून

बैसाणेकाका कार्टून आवाज बंद करून बघतात. बहिरे नाहीत. आवाज ते स्वतः काढतात.

गुजरातेत, पर्वत पाटियाच्या आमच्या बिल्डिंगमधली पोरं दर रविवारी काकांच्या खोलीत जमतात. जुनी परदेशी कार्टून लागतात. त्यांत बदकाला नाव असतं, कुत्र्याला टोपी असते, रुबाब असतो. काळा माणूस मात्र जाड ओठांचा, डोळे गरगर फिरवणारा, नाहीतर ओझं उचलणारा. आणि स्वयंपाकीणबाई? पडद्याच्या कडेने ताट घेऊन येणारे नुसते हात.

"चित्र काढणाऱ्याची शाई कोपरापर्यंत येऊन संपली वाटतं," काका म्हणतात.

मग ते स्वतः कामाला लागतात. ओझेवाला शिकाऱ्याला गुजरातीत दटावतो, "शेठ, टोपी काढीने बोलो!" पोरं लोळतात. हात मात्र अहिराणी बोलतात. "दायमा मीठ जास्त व्हयी गयं का?" असं त्यांनी डाळीबद्दल विचारलं, की पडद्यावरचा कुत्रा घाबरल्यासारखा दिसतो. त्या घरात हातांना विचारल्याशिवाय काही होत नाही.

बॉम्ब फुटून कुत्र्याचं तोंड काळंठिक्कर होतं, तिथे काका चित्र थांबवतात. "मी जन्मभर पलसाण्याला कापड रंगवायच्या डाईंगमध्ये होतो. रोज वेगळ्या रंगाचा होऊन घरी यायचो. हसायचा हक्क फक्त बायकोला."

ती बायको, अहिराणी बोलणारी मंदाकाकू, दोन वर्षांपूर्वी गेली.

आता खरं सांगतो. हे सगळं बंद पाडायला मीच निघालो होतो. एका रविवारी काकांकडून आल्यावर माझ्या मुलीने जेवताना विचारलं, "पप्पा, आपल्याकडे भांडी घासायला मासी येतात ना, त्यांचं नाव काय?" मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. मासी आतच होत्या. मोरीतला नळ बंद झाला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी कारण दिलं, पोरांची भाषा बिघडते. सगळ्यांना लगेच पटलं. तो प्रश्न बहुधा त्यांच्याही ताटापर्यंत पोचला असावा. काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण मी कमी बोलतो आणि त्यामुळे सभ्य दिसतो.

गेलो मंगळवारी दुपारी. दार उघडं. टीव्ही चालू, आवाज बंद, आणि काकाही गप्प. पडद्यावर हात ताट ठेवून जात होते, पुन्हा येत होते.

"बंद करायला आलात ना, भाऊ?" बिल्डिंगमधली बातमी माझ्या आधी पोचली होती.

"हो."

"करू. पोरांना मीच सांगतो." ते पडद्याकडेच बघत राहिले. "एकच आहे. मंदाचा आवाज मला एकट्याला काढता येत नाही. कालपासून बसलोय. पोरं समोर असली की येते बोलायला. एकटा असलो की तिचं एक वाक्य तोंडात येत नाही."

मी चपला काढल्या आणि पोरं बसतात तिथे, फरशीवर बसलो. गुडघे कुरकुरले.

काका खाकरले. हात ताट घेऊन आले.

"भाऊ, जेवन व्हयनं का?"

मी घरून जेवून निघालो होतो.

"नाही, काकू," मी म्हणालो.