शेड आप्पांची, दार डॉक्टरांचं

शेड बांधून झाली, रंग वाळला, आणि आप्पांना तिचं दार सापडेना.

त्यांनी समोरून पाहिलं. फळ्या. मागून पाहिलं. फळ्याच. घराकडच्या बाजूला छपराच्या खाली एक चिमुकली खिडकी होती, पण तिच्यातून आत जायचं तर मांजराचा जन्म घेऊन यावं लागलं असतं. चौथी बाजू कुंपणाला खेटून होती आणि कुंपणापलीकडे दातांचे डॉक्टर राहत होते. त्या बाजूला आप्पा बघत नसत. तत्त्वाचा प्रश्न होता.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "शेडला दार कुठंय?"

"तुम्हालाच माहीत. नकाशा तुमचा," माई आतून म्हणाल्या.

"तू रोज ओट्यापाशी उभी राहून बघत होतीस ना? दार नाहीये हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं की."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही समजावून सांगितलं असतं."

आप्पांनी उघडलेलं तोंड मिटलं, कारण ते खरोखरच समजावून सांगायला निघाले होते.

आप्पांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली. त्यांनी टाक्या काढल्या, पाइपलाइनी काढल्या, पंपांची घरं काढली. पण एकही गोष्ट त्यांनी काढली तशी बांधली गेली नाही. वरचा साहेब एक रेघ हलवायचा, त्याच्या वरचा दोन हलवायचा, आणि ठेकेदार उरलेल्या सगळ्या. शेवटी जे उभं राहायचं त्यात आप्पांचा म्हणावा असा उत्तर दिशेचा बाण तेवढा उरायचा. त्यामुळे निवृत्त होताना त्यांची एकच इच्छा होती. आपल्या हातच्या नकाशावरून, एकही रेघ इकडची तिकडे न होता, जगात काहीतरी उभं राहावं. मग ते कोंबड्यांचं खुराडं का असेना.

संधी दिली माईंनी. लेकीची बदली झाली होती आणि ती पुन्हा घरी राहायला येणार होती. तिच्या खोलीत मात्र आप्पांचा तिरका टेबल, नकाशांची नळकांडी, पेनं आणि शाईच्या बाटल्या सुखानं नांदत होत्या.

"रविवारी पोरगी येतेय," माई म्हणाल्या होत्या. "त्याआधी हे सामान तरी बाहेर जाईल, नाहीतर सामानासकट तुम्ही."

आप्पांनी सामान निवडलं आणि परसात शेड बांधायची ठरवली. नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढला, कारण दुसऱ्या कुठल्या कागदावर काढलेल्याला ते नकाशा मानत नसत, चित्र मानत. ट्रेसिंग पेपर म्हणजे तो दुधी कागद, ज्यातून आरपार दिसतं. घराच्या बाजूला दार, डॉक्टरांच्या बाजूला फक्त उजेडापुरती उंच खिडकी, म्हणजे उजेड आत येईल आणि डॉक्टर दिसणार नाहीत. रेघा अशा की केस लाजावा. अक्षर मात्र त्यावर एकही नव्हतं. कचेरीत अक्षरं लिहायला वेगळा माणूस असे. तो आधीच निवृत्त झाला होता आणि त्याचं काम आपण करणं आप्पांना बरं वाटलं नाही.

काम सुरू झालं त्याच सकाळी सुतारानं पटाशी खाली ठेवली.

"साहेब, एक सांगू? तुम्ही घरात बसा. शेड पुरी होईपर्यंत परसात यायचं नाही."

"का?"

"मी रंधा मारत होतो आणि तुम्ही माझ्या खांद्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा बघत होतात."

"खांदा तिरका होता."

"माझा जन्मापासून तिरका आहे साहेब. त्यावर घर चालतं माझं."

आप्पांनी शब्द दिला आणि पाळला. काम चालू असेपर्यंत ते पुढच्या खोलीत ठोकाठोकीच्या आवाजावरून खिळ्यांचा अंदाज घेत बसून राहिले. आणि आता ही बिनदाराची शेड.

सुताराला बोलावलं. तो आला आणि आधी आप्पांकडे काळजीनं बघत राहिला.

"दार आहे की साहेब. पलीकडून."

"पलीकडून म्हणजे?"

"डॉक्टरसाहेबांच्या परसातून. मलाही जरा नवल वाटलं. पण म्हटलं, घरोबा असेल."

त्यानं खिशातून नकाशा काढला. आप्पांनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. सुतारानं दुधी कागद पाठीकडून वाचला होता. उजवी बाजू डावी झाली होती. माप मात्र सुतासुताला बरोबर होतं.

"कागदाची सरळ बाजू कुठली ते कळत नाही तुला?"

"कशावरून कळणार? एक अक्षर लिहाल तर शपथ! अक्षर उलटं दिसलं असतं तर मीही कागद उलटा केला असता."

"आणि मधलं कुंपण? तिथे दार उघडलंच कसं?"

"नव्हतंच उघडत. म्हणून चार फळ्या काढल्या कुंपणाच्या. डॉक्टरसाहेबांना विचारून. ते म्हणाले, खुशाल काढ, हे कुंपण जेवढं जाईल तेवढं बरं."

आप्पांनी डोळे मिटले. त्या कुंपणावरूनच तर सगळं झालं होतं. आप्पांनी ते स्वतः मोजून, स्वतः आखून, स्वतः उभारलं होतं, आणि डॉक्टर एक डोळा मिटून म्हणाले होते, "जरा झुकलंय, नाही का?" दातांच्या डॉक्टरनं. नकाशे काढणाऱ्या माणसाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. बायकांचं मात्र छान चाललं होतं. त्यांच्यात वाट्यांची देवाणघेवाण इतकी होती की कुठली वाटी कुणाची हे आता वाट्यांनाही सांगता आलं नसतं.

"आत्ताच्या आत्ता दार इकडे काढ."

"मी दुसरीकडे काम धरलंय साहेब. ते संपलं की येतो," असं म्हणून सुतार तिरक्या खांद्यावर पिशवी टाकून गेला.

रविवार तर दुसऱ्याच दिवशी होता. तिकडची घरं एकमेकांना खेटून असल्यामुळे डॉक्टरांच्या परसात जायला वाट एकच होती. त्यांच्या पुढच्या दारातून, दिवाणखान्यातून, स्वयंपाकघरातून, मागे. आप्पांनी त्यापेक्षा कुंपणावरून जायचं ठरवलं. एक पाय पलीकडे गेला, दुसरा जाईना, आणि पँट फळीच्या टोकात अडकली. तेवढ्यात डॉक्टर झारी घेऊन परसात आले. त्यांनी वर पाहिलं. कुंपणावर आप्पा घोड्यावर बसावं तसे बसले होते.

"जपून," डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांनंतरचा तो पहिला शब्द होता. मग त्यांना राहवलं नाही. "झुकलंय ते."

शेवटी बायकांनी तह केला. आप्पांनी दिवसातून हवं तितक्या वेळा यावं, चपला बाहेर काढाव्यात, आणि ते घरातून जात असताना डॉक्टरांनी छताकडे बघावं.

रविवारी सकाळी वरात निघाली. पुढे आप्पा तिरका टेबल डोक्यावर घेऊन, मागे माई नळकांडी घेऊन. रस्ता, फाटक, दिवाणखाना. दिवाणखान्यात जिकडेतिकडे प्लास्टरचे जबडे मांडलेले होते. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा सगळे साचे घरी आणले होते.

"बघता ना वहिनी," डॉक्टरीणबाई माईंना म्हणाल्या, "टीव्ही बघायला बसलं की एवढी माणसं आपल्याकडे बघून हसतात."

"यांना सांगा, टेबल जरा तिरपा धरावा, दिवा फुटेल," डॉक्टर छताला म्हणाले.

"त्यांना सांग, टेबल तिरकाच असतो," आप्पा माईंना म्हणाले.

लेक आली तेव्हा खोली मोकळी होती. "आप्पा कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"शेजारी."

"शेजारी? डॉक्टरांकडे? कधी येतील?"

"कामावर गेलेत असं समज," माई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी ओटा निवांत पुसला.

शेडमध्ये मात्र आप्पांचं मन लागेना. आयुष्यातला एकुलता एक नकाशा जसाच्या तसा उभा राहिला होता आणि तोही पाठमोरा. ते टेबलाशी बसून नुसते पेनं मांडत आणि उचलत. बाहेर डॉक्टरांची वेगळीच तगमग चालली होती. आपल्या परसात उघडणाऱ्या दाराआड एक माणूस दिवसभर करतो काय, या कुतूहलानं त्यांना बसवेना. दारासमोर एक कुंडी होती. तिला ते पाणी घालायला येत, आत डोकावत, जात, पुन्हा झारी भरून येत. दोन दिवसांत त्या रोपट्याला पोहायला शिकावं लागलं. आत डोकावण्याचं निमित्त मात्र बुडालं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी झारी खाली ठेवली.

"ते काय असतं?"

आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. माई नव्हत्या. निरोप कुणाकडे द्यायचा हा प्रश्नच होता. मग नाइलाजानं ते स्वतःच म्हणाले, "रेघ मारायचं पेन. या दोन पात्यांच्या मधे शाई भरायची."

"आणि साफ कसं करता?"

"होत नाही. आत वाळून बसते."

डॉक्टरांचे डोळे चमकले. ते घरात गेले आणि एक बारीक वाकडी आकडी घेऊन परत आले. स्टुलावर बसत, सवयीनं म्हणाले, "उघडा."

आप्पांनी तोंड उघडलं.

"तोंड नव्हे हो. पेन."

डॉक्टरांनी पेनाच्या पात्यांमधून एवढी शाई खरवडून काढली की पेन नवं दिसायला लागलं. मग दुसरं पेन घेतलं. आप्पा श्वास रोखून बघत होते. तिसऱ्या पेनाला त्यांनी न विचारताच दिवा धरला.

काम संपल्यावर डॉक्टरांची नजर टेबलावरच्या नकाशाकडे गेली. "हाच तो?"

आप्पांनी नकाशावर हात ठेवला. "चुकलाय."

"बघू तरी." डॉक्टरांनी खिशातून दाढा बघायचा छोटा गोल आरसा काढला. "मी जन्मभर असंच काम केलंय. आरशात उजवं डावं दिसतं, डावं उजवं. पण एकदाही चुकलो नाही." त्यांनी आरसा शर्टाला पुसला. "एकदा."

त्यांनी आरसा नकाशावर धरला, मग भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा आरशात. दार. खिडकी. छपराचा उतार. आप्पा निकाल ऐकायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे उभे होते.

"नकाशा बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "तंतोतंत. एकही रेघ हललेली नाही. शेड आरशातली आहे, एवढंच."

आप्पांना सबंध नोकरीत हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

डॉक्टर चहाचं सांगायला घरात गेले तेव्हा आप्पा दाराच्या उंबऱ्यावर टेकले. तिथून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांच्या बाजूनं आपलं कुंपण नीट पाहिलं. त्यांनी मान सरळ केली. कुंपण सरळ झालं नाही. त्यांनी एक डोळा मिटला. मग हळूच उठून आतून पाणसळ आणली आणि कुंपणाच्या खांबाला उभी लावली. बुडबुडा एका टोकाला पळाला आणि परत आलाच नाही. आप्पांनी पाणसळ शर्टाच्या आत लपवली आणि डॉक्टर आले तेव्हा ते आभाळ बघत होते.

पुढे सुतार आला, शब्द दिल्याप्रमाणे. आप्पांनी नवा नकाशा तयारच ठेवला होता. या वेळी त्यावर अक्षरंही होती, पहिलीतल्या मुलानं काढावीत तशी, पण स्वतःच्या हातची: 'ही बाजू वर'.

"आता झोपेतसुद्धा चुकायचो नाही," सुतार आप्पांना आणि त्यांच्याशेजारी उभ्या डॉक्टरांना म्हणाला. "तुम्ही दोघंही पुढच्या खोलीत बसा. दोघंही."

संध्याकाळी तो पांढऱ्या चेहऱ्यानं माईंच्या ओट्याच्या खिडकीशी आला.

"माई, जरा बघता का? मला वाटतं पुन्हा घोळ झालाय. मी दार करायला आलो होतो ना, तुमच्या बाजूला?"

"हो."

"या कागदात तर दुसरं दारही डॉक्टरांच्याच बाजूला आहे. पहिल्याच्या शेजारी. मधे एक पडदी. मी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. उजेडात धरला. अक्षरं सरळ दिसतात तेव्हा दार तिकडेच येतं. तसं ठोकून टाकलं, पण छातीत धडधडतंय."

माईंनी कागद पाहिला. अक्षरं सरळ होती. मग त्यांनी हात पुसले, स्टूल उचललं, शेडच्या चिमुकल्या खिडकीखाली ठेवलं आणि वर चढून आत डोकावल्या.

आत दोघंही आले होते. पडदीच्या अलीकडे आप्पा आपली नळकांडी लावत होते. पलीकडे डॉक्टर नव्या कोऱ्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडत होते, आणि डॉक्टरीणबाई मोकळ्या झालेल्या दिवाणखान्यातून आणखी घेऊन येत होत्या, जवळजवळ धावत.

"अहो!" माई म्हणाल्या. "शेड आपली, परस आपलं, आणि आपल्याकडून आत यायला दार नाही?"

"खिडकी आहे ना," आप्पा म्हणाले. "चहा बसतो त्यातून. मापून घेतलंय."

"हा सुतार बिचारा घाबरलाय. नकाशा बरोबर आहे का, तेवढं सांगा त्याला."

"नकाशा बरोबर आहे," आप्पांनी मोठ्यानं सांगितलं. मग ते नळकांडी लावत राहिले. एक लावलं, दुसरं लावलं, आणि तिसरं हातात धरून, डॉक्टरांकडे न बघता, सुताराला ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं म्हणाले, "कुंपण तेवढं सरळ कर. झुकलंय."

पडदीपलीकडे एक जबडा खाली पडला.