समुद्र बोरनळीला येऊन गेला

समुद्राने आमचं आमंत्रण स्वीकारल्याचं आम्हाला क्रूझच्या तिसऱ्या दिवशी, नाश्त्याच्या वेळी कळवण्यात आलं. मी तेव्हा उपम्यावर शेव घालून घेत होतो. कळवायला कॅप्टन तांडेल स्वतः आले होते. त्यांनी आधी टोपी काढली, काखेतलं पॅड टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "काल संध्याकाळी सातव्या डेकवर कठड्याशी उभं राहून समुद्राला घरी कोणी बोलावलं?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोने उपम्याकडे बघितलं.

मी बोरनळीच्या हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. साहेब पॅड घेऊन स्वतः टेबलाशी आले की कुठला तरी कागद अंगाशी येणार, एवढं मला नोकरीने शिकवलं आहे. "हिनेच बोलावलं असणार," मी सांगून टाकलं. "एस्टीत शेजारी बसलेल्या बाईलाही ही उतरताना घरी बोलावते."

"अहो, नुसतं या म्हणाले," कुमुदिनी म्हणाली. "तासभर त्यांच्याशी बोलत उभी होते. मग तशीच पाठ फिरवून यायचं का? या एकदा बोरनळीला, म्हटलं. आमच्या लिगाडे बाईंना बरं वाटेल."

"सकाळी साडेसहाला होकार आलाय," कॅप्टन म्हणाले.

लिगाडे बाई कोण ते इथे सांगायला हवं. हेमलता लिगाडे आमच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. बोरनळी सांगोल्याच्या पुढे, कोरड्या माळावर. तिथे टँकर चार दिवसांनी येतो. त्या गावात बाईंनी एकतीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली. सातवीचा वर्ग माझ्या ऑफिसला लागून होता आणि मधली भिंत पातळ होती. दर वर्षी तो धडा सुरू झाला की कोणी तरी विचारायचंच, "बाई, तुम्ही समुद्र बघितलाय?" आणि बाई दर वर्षी म्हणायच्या, "हो. बघितलाय."

बाईंनी समुद्र बघितला नव्हता. त्यांच्या रजेचे सगळे अर्ज माझ्या हातून गेलेत. एकही कोकणातला नव्हता.

ही क्रूझ खरं तर त्यांच्यासाठीच ठरली होती. आम्ही दोघं सोबतीला. निघायच्या बारा दिवस आधी बाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हृदयही थकलेलं निघालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास कायमचा बंद केला. बाई म्हणाल्या, तुम्ही जा, येऊन मला सांगा. आम्ही गेलो खरे, पण तीन दिवस मला त्या पाण्याकडे नीट बघवत नव्हतं. दुसऱ्याचं ताट ओढून जेवल्यासारखं वाटत होतं.

कॅप्टननी पॅडवरचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. फॉर्म बघून मला जरा धीर आला. आमंत्रण देणाऱ्याचं नाव. पत्ता. जवळची खूण. खुणेच्या रकान्यात मी 'पाण्याची टाकी, रिकामी' असं लिहिलं. मुक्कामाच्या रकान्यात 'एक भरती' लिहिलं. शेवटी दोन चौकोन होते. एकापुढे 'मनापासून' आणि दुसऱ्यापुढे 'बोलायचं म्हणून'.

"इथे विचार करून खूण करा," कॅप्टन म्हणाले. "दुसऱ्या चौकोनात केलीत तर तो येणार नाही. रागावणारही नाही, त्याला सवय आहे. किनाऱ्यावर येणारी निम्मी माणसं त्याला घरी बोलावतात."

"आणि पहिल्यात केली तर?" मी विचारलं.

"तर उद्याचं बेट रद्द. समुद्र जाईल तिकडे जहाज जाणार. दुसरा रस्ता नाही."

"सगळेच येणार का ते?" कुमुदिनीने काळजीने विचारलं. तिच्या डोळ्यांसमोर आमची बैठकीची खोली असावी.

"तो एकच आहे, ताई. थोडा येऊ शकत नाही. मावायचं कसं ते तो बघतो."

जहाजावर एकोणीसशे माणसं होती. त्यांनी बेटावर घालायला टोप्या घेतल्या होत्या. मी हळूच म्हणालो, "बोलायचं म्हणून, असं करून टाकू या का?" कुमुदिनीने माझ्याकडे असं बघितलं, की लग्नाला छत्तीस वर्षं झाल्याचं मला एकदम आठवलं. तिने पेन घेतलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. इतकी जोरात, की खालच्या कागदावरही उमटली.

"एकच सांगतो," कॅप्टन उठता उठता म्हणाले. "निघताना त्याला थांबा म्हणायचं नाही. राहा की, जेवूनच जा, काय घाई आहे, असलं काही नाही. आमच्या उरणलाही पद्धत आहे, मला माहीत आहे ती. पण तो शब्द धरतो. मागे एका गावात कोणी तरी राहा म्हणालं होतं."

"मग?"

"आता तिथे बंदर आहे."

दुपारी समुद्र निघाला. स्पीकरवरून घोषणा झाली, की कार्यक्रमात किरकोळ बदल असून उद्या सकाळी अकरा वाजता बोरनळी येईल, प्रवाशांनी उन्हाच्या टोप्या जवळ ठेवाव्यात. पहिला घोटाळा स्विमिंग पूलमध्ये झाला. पूलमधलं पाणी समुद्रातूनच घेतलेलं होतं, त्यामुळे तेही निघालं. पुण्याचे एक गृहस्थ उताणे पोहत होते, ते फरशीवर टेकले आणि बराच वेळ तसेच हात मारत राहिले. मग घाट आला तेव्हा जहाज मागे कललं, आणि जेवणाच्या हॉलमधली सगळी सोलकढी एका भिंतीकडे गेली. व्यवस्थापनाने लेखी दिलगिरी व्यक्त केली.

मी कठड्याशीच उभा होतो. समुद्राला घाट चढताना मी बघितलं आहे. तो घाई करत नव्हता. वळणावर थांबत होता, समोरून येणाऱ्या ट्रकला आधी जाऊ देत होता. माथ्यावर पोचल्यावर तो सबंध उभा राहिला आणि मग पलीकडे उतरला. त्या वेळी एकोणीसशे माणसांपैकी एकानेही फोन बाहेर काढला नाही. कोणी तरी हात जोडले आणि मग सगळ्यांनी जोडले. मला भीती वाटत होती, आणि ती जाऊ नये असंही वाटत होतं.

देशावर उजाडलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेने चालला होता. उभ्या जोंधळ्यातून गेला, पण ताट मोडलं नाही. डाळिंबाच्या बागांना वळसा घातला. एका शेतात मोठ्या आवाजात पंप चालू होता, तिथला माणूस पंप बंद करून बाजूला उभा राहिला आणि समुद्र पुढे गेल्यावर त्याने पंप पुन्हा चालू केला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही बोरनळीच्या पाण्याच्या टाकीला लागलो. कॅप्टननी टाकीच्या शिडीवर फळी टाकून दिली. आम्ही दोघं खाली उतरलो. बाईंचं दोन खोल्यांचं घर शाळेच्या मागेच, लोखंडी फाटकाचं. समुद्र फाटकापाशी आला आणि थांबला. आपण चपला काढतो तशा त्याने लाटा फाटकाबाहेर काढून ठेवल्या आणि नुसता, सपाट, आत आला. पहिल्या पायरीपाशी टेकला.

बाईंच्या शेजारच्या भामाबाई तुळशीला हळद-कुंकू वाहत होत्या. त्यांनी दारातूनच आत आवाज दिला, "बाई, अवो बाई, समुद्र आलाया. बाहीर थांबलाय बगा."

"अगं, मग बाहेर कशाला थांबवलास?" आतून बाई म्हणाल्या. वॉकरचा टकटक आवाज आला. "लांबून आलेत. आधी गूळपाणी दे."

मग त्या स्वतःच म्हणाल्या, "थांब. मी देते."

आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा आणि पाणी देतात, मग चौकशा. टँकर परवा यायचा होता. माठात तळाला राहिलं होतं तेवढं पाणी बाईंनी तांब्यात ओतून घेतलं, हे मी खिडकीतून बघितलं. एका हाताने वॉकर, दुसऱ्या हातात तांब्या, गुळाची वाटी भामाबाईंच्या हातात. दारात येऊन बाईंनी खाली वाकायचा प्रयत्न केला, ते जमेना. तेव्हा समुद्र एक पायरी वर आला. बाईंनी तांब्या त्याच्यापुढे धरला.

तांब्या रिकामा झाला. गुळाचा खडाही वाटीत राहिला नाही.

"बसा," बाई म्हणाल्या, आणि दारातल्या खुर्चीत स्वतः बसल्या. मग त्यांनी मान वर केली.

फाटकापासून पुढे शाळा नव्हती, माळ नव्हता, सांगोल्याचा रस्ता नव्हता. पाणी होतं, आणि ते पार आभाळाला जाऊन लागलं होतं. मध्ये आमचं जहाज उभं होतं, ते लहान दिसत होतं. सगळं गाव भिंतींवर आणि पत्र्यांवर चढून बसलं होतं. बाई पुष्कळ वेळ बघत राहिल्या. पाऊण तास तरी झाला असेल. पाणी त्यांच्या पावलांपर्यंत चढलं, तरी त्यांनी पाय उचलले नाहीत.

"मी तुमच्या नावावर खोटं बोललेय," त्या समुद्राला म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता, पण हळू. "एकतीस वर्षं. पोरं विचारायची, बघितलाय का? मी म्हणायचे, बघितलाय, खूप मोठा असतो. नाही कसं म्हणायचं? शिकवणाऱ्याने बघितला नसेल तर त्यांनी कुणाच्या भरवशावर शिकायचं?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आणि सांगितलं तेही कमीच सांगितलं. एवढा असतो हे कुठं माहीत होतं मला."

कुमुदिनी रडायला लागली. मी रुमाल तिला दिला आणि मग मलाच लागला म्हणून परत घेतला.

साडेतीनच्या सुमाराला कॅप्टन तांडेल फळीवरून खाली आले आणि घड्याळ बघू लागले. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "आज पंचमी," त्या म्हणाल्या. "तिथीच्या आकड्याची पाऊणपट ती भरतीची वेळ. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, की मग ओहोटी. ठाऊक आहे मला."

पावणेचार वाजले. समुद्र अंगणातून जरासा मागे सरला आणि फाटकात थांबला. निघालेला पाहुणा थांबतोच. चार शब्द आग्रहाचे ऐकल्याशिवाय आमच्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही आणि ते शब्द म्हटल्याशिवाय कोणी ओलांडूही देत नाही. भामाबाईंचं तोंड उघडलंच. "अवो, वाईच थां..." एवढं त्या म्हणाल्या, तोवर कुमुदिनीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. कॅप्टन पांढरे पडले.

समुद्र बाईंकडे वळून थांबला होता. बाईंचे ओठ हलले. त्यांनी नुसतं राहा म्हटलं असतं, तर तो रोज सकाळी त्यांच्या दारात असता. दवाखाना नको, प्रवास नको. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं, आणि खरं सांगतो, त्यांनी म्हणावं असं मला मनातून वाटत होतं.

"दुसऱ्याही शाळा आहेत," बाई म्हणाल्या. "तिथली पोरं किनाऱ्यावर येऊन बघतील आणि तुम्ही नसाल. मग त्यांच्या बाई खोट्या पडतील. निघा आता. उशीर करू नका."

तो निघाला. आम्हाला धावत टाकीवर चढावं लागलं, कारण जहाजही त्याच्याबरोबर चाललं होतं. उरलेले तीन दिवस क्रूझ ठरल्याप्रमाणे पार पडली.

आम्ही घरी परतलो त्याच संध्याकाळी बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना शाळेची जुनी रजिस्टरं हवी होती, एकतीस वर्षांच्या सातवीची नावं आणि पत्ते. मी रीतसर परवानगी काढून ती आणून दिली. तेव्हापासून बाई अंगणात बसून रोज दहा कार्डं लिहितात. मजकूर सगळीकडे एकच असतो. समुद्र बघितला आहे असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते तेव्हा खोटं होतं, आता खरं आहे. सांगितला होता त्याहून तो मोठा आहे.

परतताना समुद्र एक लाट फाटकाबाहेर विसरून गेला आहे. लहानशीच, हातभर. बाईंनी ती कोणाला हलवू दिलेली नाही. पुन्हा येतील तेव्हा नेतील, म्हणतात.

गेल्या आठवड्यात पहिलं उत्तर आलं. शहाण्णव सालच्या तुकडीतली सुनंदा ढोले, आता बार्शीला असते. तिने लिहिलं होतं, "बाई, तुम्ही बघितला नाही हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. पण तुम्ही सांगायला लागलात, की तो खिडकीपर्यंत यायचा."

बाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं. मग खुर्ची फाटकाजवळ सरकवून घेतली आणि लाटेला वाचून दाखवलं.