ऑडिटरबाईंचा नमुना

सुखदा ऑडिटला कुठेही गेली, तरी यजमानांकडे एकच गोष्ट मागायची: प्लगपाशी खुर्ची असलेली बंद खोली. बेंगळुरूजवळच्या होसकोट्याच्या आइस्क्रीम कारखान्यात तिला मीटिंग रूम मिळाली. दारावर तिने "तपासणी चालू आहे, आत येऊ नये" असा कागद चिकटवला, कडी लावली आणि ब्रेस्ट पंप सुरू केला.

घरी पुण्यात सात महिन्यांची मुलगी भार्गवी होती; ती आईचं दूध फक्त बाटलीनेच प्यायची. सकाळीच नवऱ्याचा फोन आला होता.

"फ्रीजरमधली शेवटची पिशवी काढलीय," देवव्रत म्हणाला. "मध्ये पावडरचं दूध देऊन पाहिलं. ते तिने माझ्या शर्टवर परत केलं."

"संध्याकाळी पोचतेच. इथलं सगळं जमवून आणतेय."

"बघ हं, तुझ्यावरच आहे सगळं."

आता जमलेल्या पिशव्या ठेवायच्या कुठे? कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये सांबार होतं आणि त्याचं दार सतत उघडत होतं. लॅबचा फ्रीज मात्र चार अंशांवर स्थिर होता. तिनेच तो तपासून पास केला होता. सुखदाने पिशव्या तिथे मांडल्या आणि सवयीने प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि स्वतःची आद्याक्षरं लिहिली. आत काय आहे ते लिहायची गरज तिला वाटली नाही. दिसतच होतं.

जेवणाच्या सुट्टीत लॅबप्रमुख शंतनुने फ्रीज उघडला आणि त्याला घाम फुटला. मूळचा नागपूरचा हा गडी मागच्या ऑडिटात कसाबसा तरला होता.

"भाग्यलक्ष्मी, हे पाहा! मॅडमनी गुपचूप नमुने ठेवून दिले. आपली परीक्षा घेऊन राहिल्या त्या."

केमिस्ट भाग्यलक्ष्मी बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली. "सरी सर, बरोबर आहे, पण अक्कांना एकदा विचारू का?"

"परीक्षकालेच उत्तर विचारते का कोणी? दार लावून मशीन चालवत होत्या, मी स्वतः ऐकलं. नकली दूध बनवलं असंल."

एक पिशवी उघडून तपासणीला गेली. बाकीच्या सील होऊन कुलपात पडल्या.

दुपारी सुखदा बॅग उचलून लॅबमध्ये आली, तर फ्रीजसमोर शंतनु विजयी मुद्रेने उभा.

"पकडलं मॅडम! गाईचं नाही, म्हशीचं नाही. प्रोटीन एवढंसंच, साखर भरपूर. हे तुम्हीच तयार केलंय."

"हो, मीच," सुखदा म्हणाली. "कुलूप काढा. माझं विमान आहे."

"ते नाही जमत ना. सील केलेल्या नमुन्याची ओळख पटल्याशिवाय तो कोणालेच द्यायचा नाही, ऑडिटरलाही नाही. मागच्या खेपेला तुम्हीच लावलेला नियम आहे."

नियम चोख होता. सुखदाला क्षणभर त्याचा अभिमानही वाटला. तेवढ्यात मोबाइलवर देवव्रतने व्हिडिओ पाठवला. आवाज बंद असूनही भार्गवी किती जोरात रडते आहे ते कळत होतं.

"अक्का, बकरीचंही बघितलं मी, जुळत नाही," भाग्यलक्ष्मी अजिजीने म्हणाली. "उंटाचं बघायला स्वल्प वेळ लागेल."

"उंटापर्यंत जाऊ नका. लिहा, आईचं दूध. आई मी. बाळ पुण्यात आहे आणि भुकेलं आहे."

शंतनु खिशांत किल्ली शोधू लागला; ती त्याच्या हातातच होती.

"मॅडम, मी... म्हणजे आम्हाले..."

"ज्याचा माल त्याला न विचारता नमुना घेतलात, ही त्रुटी तुमची. लेबलवर मालाचं नाव नव्हतं, ही माझी. दोन्ही अहवालात येतील. आता बर्फ आणा."

कारखान्यातली सर्वांत चांगली बर्फपेटी आली. शंतनुने ती गौर घरात आणावी तशी दोन्ही हातांनी जपून गाडीपर्यंत नेली.

संध्याकाळी पुण्यात भार्गवीने बाटली एका दमात संपवली आणि ती रिकामी आहे हे लक्षात येताच भोकाड पसरलं. देवव्रत दुसरी पिशवी कोमट करायला धावला. इतक्यात शंतनुचा मेसेज आला.

"मॅडम, माफ करा, एक रकाना रिकामा राहिला. नमुना स्वीकृत की अस्वीकृत? प्रोटीन आपल्या मानकात बसत नाही."

सुखदाने मांडीवर हातपाय झाडणाऱ्या ग्राहकाकडे पाहिलं आणि उत्तर टाइप केलं: "स्वीकृत. आणखी माल मागवला आहे."