डॉक्टरांच्या गार्डनमधलं रोमन ठाणं

उत्तर इंग्लंडातल्या थॉर्नबर्न गावात एके काळी रोमनांचं सरहद्दीवरचं लष्करी ठाणं होतं, असा गावाचा ठाम समज आहे. त्याच्या जतनासाठी एक संस्थाही आहे. संस्थेला अध्यक्ष आहेत, घटना आहे, स्वतःचा टाय आहे. ठाणं तेवढं सापडलेलं नव्हतं. पण त्यावाचून कामकाज कधी अडलं नाही.

कान-नाक-घशाचे निवृत्त डॉक्टर शशिकांत हे संस्थेचे जुने सभासद. सभासद म्हणजे सभेआधी खुर्च्या मांडायच्या आणि मधल्या वेळेत चहा फिरवायचा. कधीतरी आपल्यालाही कमिटीत घेतील, या आशेवर बिचाऱ्यांनी निम्म्या गावाच्या कानांतला मळ फुकट काढला होता.

दोन हजार सहाच्या दिवाळीला ब्रॅकनेलला राहणारी नातवंडं आली, म्हणून डॉक्टरांनी मागच्या गार्डनमध्ये मातीचा किल्ला करायला घेतला. माती भिजायच्या आत नातवंडं कॉम्प्युटरवर गेली. आजोबा मात्र कोपरापर्यंत चिखलात. बुरूज झाले, तटबंदी झाली, अळीव पेरून झाले, पुण्याहून आणलेले मातीचे मावळे पहाऱ्यावर उभे राहिले. मग तिथला नेहमीचा पाऊस लागला आणि किल्ला खाली बसला.

वसंतात अध्यक्ष मिस्टर ऑल्डरसन कान दाखवायला आले आणि खिडकीतून त्यांची नजर त्या उंचवट्यावर गेली. ते धावत बाहेर गेले, गुडघ्यांवर बसले आणि चिखलातून हात तुटलेला एक मावळा उपसून त्यांनी डोळे पुसले.

"पगडी! म्हणजे पूर्वेकडची पलटण! डॉक्टर, ही तटबंदी ज्याने बांधली, तो मनुष्य थोर इंजिनियर असला पाहिजे."

खरं सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं. पण असं कौतुक त्यांच्या वाट्याला घरी कधी आलं नव्हतं. ते जरा पुरतं ऐकून घ्यावं म्हणून ते थांबले, आणि तेवढ्यात ऑल्डरसननी त्यांना कमिटीत घेतल्याचं जाहीर केलं. तोंड मिटलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. दोरीवरचे कपडे ऐतिहासिक दृश्याला बाधक ठरले, म्हणून डॉक्टरांच्या पत्नी सुप्रभाताई ते स्वयंपाकघरात वाळत घालू लागल्या. मग फोडणीची वाफ तटबंदीला घातक ठरली आणि स्वयंपाकघर बंद झालं. मातीत अळिवाचं बी सापडलं, तेव्हा 'सरहद्दीवरचे सैनिक व सॅलड' या विषयावर एका तज्ज्ञाने निबंध वाचला; आभार डॉक्टरांनीच मानले. अखेर नकाशा निघाला. ठाण्याचा दक्षिण दरवाजा डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीखाली येत होता. घर पाडण्याचा ठराव मांडायचं ठरलं.

"अहो, आता तरी सांगा त्यांना!" सुप्रभाताई कडाडल्या. "तुमच्या त्या कमिटीपायी मी होमलेस होऊ का?"

"अगं, सगळं प्रॉपर चॅनेलने व्हायला हवं. सभेच्या शेवटी उरलेल्या विषयांसाठी एनी अदर बिझनेस असतंच, त्यात सांगतो."

"घर गेल्यावर?"

ठरावाच्या दिवशी सुप्रभाताई सभेला जातीने हजर राहिल्या. त्यांच्याकडे एकदा बघून डॉक्टर ठरावाआधीच उभे राहिले. "ते ठाणं नाही. दिवाळीचा किल्ला आहे. मी बांधलाय. माझं घर कृपा करून पाडू नका."

ऑल्डरसन गहिवरले.

"मौल्यवान! लोकांच्या तोंडची दंतकथा! हे ठाणं आपणच सणासाठी बांधलं, अशी इथल्या मूळ रहिवाशांची श्रद्धा आहे. फलकावर घ्या."

"दंतकथा कसली? माझी कंबर अजून दुखतेय!"

"तुमच्या श्रद्धेला आम्ही धक्का लावणार नाही, डॉक्टर. आता ठराव. घर पाडावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत."

भराभर हात वर गेले. सगळ्यांचे गेले, म्हणून डॉक्टरांचाही गेला. मागच्या रांगेत सुप्रभाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. तोही मोजला गेला. ठराव एकमताने मंजूर झाला.

हसा, खुशाल हसा. पण तुमच्या सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये तुम्ही हात वर केलात, तो कशासाठी, आठवतंय? नसेल आठवत, तर घर जागेवर आहे ना, एकदा बघून या.